निसणवाडीचे बारा खांब आणि एक कोरी दोरी

ठाण्याच्या रावसाहेबांनी निसणवाडी या डोंगरातल्या गावाला फसवले. ते काम त्यांनी माझ्या हातांनी करून घेतले, म्हणजे मलाही फसवले. गाव गरीब आहे, ते बोलणार नाही. मी गरीब नाही, आणि गप्प बसायची मला सवय नाही.

या मासिक पुस्तकाच्या चालकांनी दिवाळीच्या अंकासाठी माझ्याकडे धंद्यातले अनुभव मागितले. डोंबिवलीच्या मिठागरात उघड्या अंगाने मीठ ओढणारा पदू कल्याणच्या खाडीवर वखारवाला पदूशेट कसा झाला, हे मी गोड करून सांगावे आणि वाचकांनी त्यातून बोध घ्यावा, असा त्यांचा बेत दिसला. गोड सांगणे मला जमत नाही. मी चढलो तो भांडून आणि घासाघीस करून. अक्षर गिरवले ते मिसरूड फुटल्यावर, आणि तेही दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठा देऊन एकदा बुडाल्यामुळे. त्यानंतर मला कोणी फसवू शकले नाही, असे मी चारचौघांत छातीला हात लावून सांगत असे. रावसाहेब भेटेपर्यंत ते खरेही होते.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचे कळेल.

माझा धंदा जुन्या लाकडाचा. तरुणपणी मी बैलांवर मीठ लादून मुरबाडच्या पुढे घाटाखालच्या गावांत जात असे आणि मिठाच्या बदल्यात नाचणी, हिरडा, मध घेऊन येत असे. आगगाडी कसाऱ्याकडे गेली आणि घाटावर मीठ डब्यांतून जाऊ लागले. माझे बैल उपाशी बसले. पुढे जंगलाचा कायदा आला. ज्या डोंगरात लोक वाटेल तेव्हा कुऱ्हाड घेऊन जात, तिथे आता एक सागाचे रोपटे तोडले तरी चौकीवर हजर व्हावे लागे. इकडे कल्याण-ठाण्यात तर घरांमागून घरे उठत होती. झाड तोडायचे नाही आणि घर तर बांधायचे आहे, मग लाकूड आणायचे कुठून? जे आधीच तोडून कुठेतरी उभे केलेले आहे तिथून. हे ज्याला पहिल्यांदा सुचले तो मी.

पडके गोठे, बंद पडलेली कोठारे, वाटणीत मोडलेली घरे मी विकत घेई, उतरवून बैलगाडीने नाहीतर मचव्याने खाडीवर आणी आणि विकी. जुना साग ओळखायला डोळ्यांचा उपयोग थोडा. बोटाच्या पेराने ठोकावे. आतून भरलेले लाकूड खणखणते, वाळवीने खाल्लेले भुसकट बोलते. मग सामत्याने, म्हणजे सुताराच्या गिरमिटाने, एक बारीक भोक पाडून भुसा नाकाशी न्यावा. साग शंभर वर्षांचा असला तरी भुशाला वास येतो. माप घ्यायचे ते लाकडी गजाने. माझा गज शिसवी आहे आणि तो मी कोणाच्या हातात देत नाही.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची भेटत. कल्याणातल्या एका नव्या श्रीमंताने घर बांधायला काढले. तो वखारीत आला आणि म्हणाला, “पदूशेट, मला अशा तुळया द्या की ज्यांना खिळ्यांची जुनी भोके असतील. भोकांशिवाय नकोत.”

मी म्हणालो, “अहो, भोके नसलेली त्याच भावात देतो, मजबूत असतात.”

“मजबुतीला काय करायचे? येणाराजाणारा वर बघून म्हणाला पाहिजे, की घराणे जुने आहे.”

मी त्याला भोके मोजून दिली. मी त्या वेळी हसलो होतो. दुसऱ्याचे जुनेपण अंगावर घालून मिरवणारे लोक आपल्याकडे किती आहेत, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

निसणवाडी मला मिठाच्या दिवसांपासून ठाऊक होती. घाटाच्या ऐन चढणीवर, कड्याला चिकटलेल्या माचीवर ते गाव आहे. शेवटचा टप्पा इतका उभा की बांबूची शिडी, म्हणजे निसण, लावून चढावे लागे. त्यावरूनच गावाचे नाव. पेशवाईत आणि त्याच्याही आधी घाटाचा पहारा या गावाकडे होता. वाटसरूला सुखरूप उतरवायचे, चोर धरायचा, रात्री कड्यावर जाळ करून खालच्या चौकीला इशारा द्यायचा. इंग्रजी झाली आणि पहारा गेला. मानाची पागोटी गेली. गावाजवळ राहिला तो एक मांडव.

मांडव म्हणजे देवीपुढचे छप्पर, बारा सागवानी खांबांवर उभे. वर कमळे, पोपट, घोडेस्वार अशी नक्षी. पण गावाला नक्षीचे कौतुक नव्हते. त्यांचे लक्ष खाली, माणसाचा हात पोचेल तिथे असे. गावात बारा कुळे आणि प्रत्येक कुळाचा एक खांब. कुळातला कर्ता माणूस गेला की त्याच्या खांबावर कोयत्याने एक आडवी खाच पाडायची. दर आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खांबांना करंजाचे तेल चोळायचे आणि कुळातल्या म्हाताऱ्याने एकेका खाचेवर तळवा ठेवून तो माणूस कोण होता हे सगळ्यांना ऐकवायचे. लिहिता येणारा गावात एकही नव्हता. पण त्यांचा इतिहास कोणत्याही कचेरीतल्या दप्तरापेक्षा नीट लावलेला होता, आणि त्याला वाळवी लागलेली नव्हती.

गावाचा प्रमुख धाकू नाईक. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा, सडपातळ, एका कानाने कमी ऐकणारा. बहिरा कान कोणता ते तो सोयीप्रमाणे ठरवी. मी मीठवाला होतो तेव्हापासून त्याची माझी ओळख. एका आखातीला मी तिथे होतो. त्याने मला हाताला धरून त्याच्या खांबाशी नेले आणि माझा तळवा खाचांवरून खाली खाली आणला.

“ह्यो तुळा नाईक. दोन वाघ मारलं, तिसऱ्यानं त्याला मारलं. ह्यो भिवा. पावसात घाट कोसळला तवा सतरा बैल आन एक बाळंतीन खांद्यावरनं उतरवली. आन ह्यो ठेकू.”

“ठेकूने काय केले?”

“चोरी. वाटसराचं मीठ चोरलं. पहारेकऱ्यानंच चोरी केली! आमीच त्याला घाटाखाली हाकलला. मेला तिकडंच.”

“मग त्याची खाच कशाला ठेवली?”

नाईक माझ्याकडे असा पाहत राहिला, की जणू मी मिठाऐवजी वाळू विकायला आणली आहे. “चोर झाला म्हनून दुसऱ्याचा झाला का रं, शेट? आमचाच ना?”

आता माझी गोष्ट, जी मला सांगायला लाज वाटते पण मी सांगणार. जुन्या लाकडात मी स्थिरावलो तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते हे बारा खांब. मी निसण चढून गेलो, पेराने ठोकले, गज लावून माप घेतले. एकेक खांब घंटेसारखा वाजला. बायका धान्य कांडता कांडता हसत होत्या. गजाला कोणी काही म्हणाले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आमच्यात सौदा बोलून करत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणे टाकायचे आणि आत बोटे धरून भाव सांगायचा. भोवतालच्यांना काही कळत नाही आणि शब्द खाली पडत नाही. मी नाईकाच्या हातावर उपरणे टाकले आणि बोटे धरायला गेलो. आत बोट नव्हते. घट्ट मूठ होती. मी वाढवले, मूठ तशीच. मी आणखी वाढवले. मग मी तापलो. “अरे नाईक, वरचे छप्पर गळतंय, खायला नाचणी पुरत नाही, आणि लाकडे धरून बसलास? मूठ उघड तरी!”

“शेट, तापू नका,” तो म्हणाला. “इथं पानी लय लांब हाये.”

बायका पुन्हा हसल्या. मी उपरणे झटकून निघालो. खाली उतरेपर्यंत राग ओसरला आणि मनात म्हटले, धंद्यात इतकी वर्षे काढली पण अशी मूठ पाहिली नाही. हे कौतुक मी कल्याणात दहा जणांना सांगितले. तीच माझी पहिली चूक. सांगितलेले कौतुक वाऱ्याने ठाण्याला गेले.

रावसाहेब ठाण्यात तलावाकाठी राहतात. सरकारी नोकरीतून सुटल्यावर त्यांनी जुन्या वस्तूंच्या जतनाचे वेड घेतले. नाणी, तलवारी, फुटक्या मूर्ती, सगळ्याला चिठ्ठी चिकटवलेली. गोरे साहेब त्यांच्याकडे चहाला येतात. ते गावोगाव फिरून लोकांच्या चालीरीतीही वहीत लिहून घेतात. ते स्वतःहून माझ्या वखारीत आले, ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, “पदूशेट, तुमच्यासारखी लाकडाची पारख जिल्ह्यात कोणाला नाही, असे ऐकतो.”

माझा राग महाग आहे, पण माझी स्तुती करणाऱ्याला मी फुकट मिळतो. हे मला आता कळले आहे.

ते म्हणाले, निसणवाडीच्या मांडवाची सरकारदरबारी नोंद करवायची आहे. नोंद झाली की त्याला कोणी हात लावणार नाही आणि छपराच्या दुरुस्तीचे कामही निघेल. ते काम अर्थात मला. “मात्र मापे अचूक हवीत. माझे गुडघे चढू देत नाहीत. तुम्ही जाल का?”

“जातो की. गज आहेच माझा.”

“छे छे, गज नको. खांबाला घेर आहे, खाली-वर फरक आहे. दोरी लावा. माथ्यापासून पायापर्यंत. प्रत्येक खांबाची गाठ मारा म्हणजे विसरायला नको.” आणि त्यांनी पिशवीतून एक दोरी काढून माझ्या हातात दिली. सुताची, पांढरी, कोरी करकरीत.

मी म्हणालो, “दोरी माझ्याकडे ढीगभर आहे, रावसाहेब.”

“हीच घ्या. कोरी आहे, ताणत नाही.”

कोरी दोरी जास्तच ताणते, हे वखारीतल्या हमालालाही माहीत आहे. मला नव्हते का? होते. पण ओंडक्यावर रावसाहेब बसले होते ना.

मी गेलो तेव्हा धाकू नाईक खाली नाचणीच्या वावरात होता. वर जाताना मी त्याला हाक मारून सांगितले, की माप घ्यायला आलोय, आता सरकार तुमचा मांडव जपणार. त्याने हात हलवला. गेल्या वेळी गज पाहिला होता, त्याला काय संशय येणार?

मांडवात चारपाच बायका कांडत होत्या. मी शिडी लावली, दोरीचे टोक खांबाच्या माथ्याला धरले आणि पायथ्याशी आणून गाठ मारली. मुसळे थांबली. नाईकाची भावजय भागी, जीभ मोठी तिखट, ओरडली, “अरं शेट, दोर कशाला लावतंस?”

“माप घेतोय. दिसत नाही?”

“गज कुटं हाये तुजा?”

“बाई, तुझे काम तुला शिकवायला मी येतो का? मग माझे काम तू मला शिकवू नकोस!”

माझा आवाज चढला की माणसे गप्प होतात, याचा मला तोपर्यंत अभिमान होता. भागीने पदर कपाळापर्यंत ओढला. मग दुसरीने ओढला. एकेक करून त्या निघून गेल्या, धान्य उखळात तसेच टाकून. मला वाटले, बरे झाले, अडगळ गेली. मी बाराच्या बारा खांब मापले. बारा गाठी मारल्या.

नाईक वर आला तेव्हा मी दोरी गुंडाळत होतो. तो उभा होता तिथेच खाली बसला.

“किती मापलं?”

“सगळे. बारा.”

त्याने डोक्याचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, “आता तुमी खाली जा, शेट.”

एवढी चढण चढून गेलेल्या माणसाला त्या दिवशी कोणी पाणी विचारले नाही. मी मनातून संतापलो. म्हणालो, जपायला निघालो तर ही किंमत! वखारीत परतल्यावर रावसाहेबांच्या माणसाने मापे उतरवून नेली. दोरी मागितली नाही. ती माझ्या खुंटीवर राहिली.

तीन आठवडेही झाले नसतील. खाडीवर मचवा भरत होता. बैलगाड्यांवरून लांब लाकडे उतरत होती, वर गोणपाट बांधलेले. माझ्या हाताला खोड आहे, जाता जाता मी एकाला पेराने ठोकले. घंटा वाजली. मी गोणपाट फाडले. पोपट, कमळ, घोडेस्वार.

“कोणाचा माल?”

“ठान्याच्या रावसायबाचा,” गाडीवान म्हणाला.

मी काय केले असेन? रावसाहेबांकडे गेलो नाही. मी निसणवाडीला गेलो, गावाशी भांडायला! मला वाटले, मला मूठ दाखवली आणि त्या बामणी पागोट्याला खांब दिले. शिडी चढतानाच मी ओरडत होतो, “नाईक! मला नाही म्हणालास आणि त्याला विकलेस? माझी बोटे काय कुष्ठ्याची होती?”

वर पोचलो. मांडव नव्हता. जमिनीत बारा तळखडे, ज्यांच्यावर खांब उभे असतात ते दगड, उघडे पडले होते. देवीवर उन्ह पडले होते. नाईकाच्या डोक्यावर मुंडासे नव्हते.

“विकलं न्हाई, शेट,” तो म्हणाला. “मेलेलं कोन विकतं?”

मग त्याने सांगितले. त्या गावात कोऱ्या पांढऱ्या दोरीने माथ्यापासून पायापर्यंत मापतात ते फक्त मेलेल्या माणसाला. गज लावा, वीत लावा, काठी लावा, काही नाही. कोरी दोरी लागली की तो गेला. आणि माणसाला जी रीत तीच खांबांना, कारण खांब म्हणजे माणसेच. दोरी लागलेल्या खांबाला तेल लावायचे नाही, त्याच्याखाली बसायचे नाही, त्याचे लाकूड चुलीत घालायचे नाही. ज्याने मापले त्याने दोरी जपून ठेवायची, दहाव्या दिवशी घेऊन यायची आणि जाळायची. दोरी जळली की मेलेला मोकळा आणि मागे राहिलेलेही मोकळे.

“मापनाऱ्याला बोलवायचं नसतं, त्यानं आपून यायचं. दहा दिस तुमची वाट बघितली,” नाईक म्हणाला. “भागी म्हनली, शेट तोंडाचा फाटका हाये पन यील. तुमी न्हाई आला. रावसायेब आला.”

“त्याचे गुडघे?”

“कसलं गुडघं? शिडी चढला माकडावानी. म्हनला, तुमी हात लावू नका, तुमाला चालायचं न्हाई. मी घेऊन जातो. आमी हात जोडलं त्याला.”

हे ऐकून मी दगडावर बसलो. मी विचारले, “रावसाहेबांना ही रीत ठाऊक होती?”

तेव्हा भागी पुढे झाली. “ठाव नसायला काय? वरसापूर्वी चार दिस इथं राहून समदं लिवून घेतलंन. दोर कसला, कोन मापतं, कवा जाळतं. मीच सांगितलं, माज्या तोंडाला आग लागो. लिवता लिवता मान हालवत व्हता. मला वाटलं, केवढं ग्यान घेतोय!”

म्हणजे असा हिशेब होता. खांब विकत मिळणार नाहीत हे रावसाहेबांना माझ्याच तोंडून कळले होते. खांब फुकट कसे मिळतील हे त्यांना भागीच्या तोंडून कळले होते. मधे फक्त दोन हात हवे होते, अडाणी, घाईचे आणि स्तुतीला भुललेले.

मी ठाण्याला गेलो, तर रावसाहेब बाहेरगावी; दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा भेटले. रावसाहेबांच्या बंगल्याला नवी पडवी झाली होती आणि पडवीला बारा खांब. एका पाटीवर सुंदर बालबोध अक्षरांत लिहिलेले, की हे निसणवाडीच्या ग्रामस्थांनी त्यागलेले प्राचीन स्तंभ असून त्यांचे येथे जतन केले आहे. मी सरळ पहिल्या खांबाशी गेलो आणि नाईकाने शिकवला तसा तळवा ठेवला. हात घसरला. खांब काचेसारखा गुळगुळीत होता.

“खाचा कुठे आहेत?” मी विचारले.

रावसाहेब आरामखुर्चीतून उठलेही नाहीत. “त्या कोयत्याच्या ओबडधोबड खुणा? रंधा मारून घेतला. वर रोगण दिले. आता नक्षी पाहा कशी उठून दिसते. साहेब लोक फार खूष झाले.”

तुळा, भिवा आणि मीठचोर ठेकू ठाण्याच्या कुठल्यातरी सुताराच्या भुशात गेले होते. शेकडो वर्षे ज्यांना वाळवी लागली नाही, त्यांना जतन करणारा लागला.

मी काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. ऐकून घेऊन ते म्हणाले, “पदूशेट, शांत व्हा. त्यांच्या खुळ्या समजुतीला मी काय करणार? आणि तुम्ही कोण बोलणार? तुम्हांला मिळाले असते तर तुम्ही चिरून फळ्या पाडल्या असत्या. मी निदान उभे ठेवले.”

हा घाव बरोबर बसला, कारण ते खरे आहे. मी फळ्या पाडल्या असत्या. मी आजवर किती मांडव, किती कोठारे चिरली, त्यांच्यावर कोणाच्या खाचा होत्या हे मी कधी विचारले नाही. आता जुने लाकूड घेताना मी आधी हात फिरवतो. काही सापडले तर मालकाला विचारतो. बहुतेकांना माहीत नसते. पण एक फरक रावसाहेबांनीही मान्य करावा. मी उपरण्याखाली हात घालून मागितले. नाईकाने मूठ मिटली, मी परत आलो. मी मूठ मेलेली ठरवून उघडली नाही.

आणखी थोडे सांगायचे आहे, आणि सगळे त्यावरच अडले आहे.

मी दोरी घेऊन निसणवाडीला गेलो. म्हणालो, “नाईक, मला रीत माहीत नव्हती. उशीर झाला. आज जाळतो.” सगळे गाव तळखड्यांभोवती जमले. नाईकाने दोरी हातात घेतली नाही, नुसती पाहिली.

“दोर कोनाचा?”

“रावसाहेबांचा. त्यांनी दिला.”

“मंग तुमी नुसतं हात. माप ज्यानं काडायला लावलं त्याचं. ज्याचा दोर त्यानं जाळायचा, शेट. दुसऱ्यानं जाळला तर नुसता धूर व्हतो.”

मी वाद घातला. मी कशात वाद घालत नाही? पण त्याने मला बहिरा कान दाखवला.

दोरी जळत नाही तोवर ते मेलेले मोकळे होत नाहीत. ते मोकळे होत नाहीत तोवर नवे खांब उभे करता येत नाहीत. मी माझ्या वखारीतले उत्तम बारा खांब वेगळे काढून ठेवले आहेत, सरळ, भरलेले, नक्षीशिवायचे. त्यांना हात लावलेल्या गिऱ्हाइकाला मी हाकलतो. त्यांच्यावर जुन्या खाचा पुन्हा पाडता येतील, कारण त्या कोणाच्या हे सांगणारी माणसे अजून आहेत. पण किती? बारा कुळांपैकी पाच कुळांत सगळी नावे सांगणारा म्हातारा उरला आहे. त्यांतला एक धाकू नाईक. मागच्या आखातीला तो तळखड्यापाशी बसला होता, पण बोलला नाही. मेलेला अधांतरी असताना त्याची गोष्ट सांगत नाहीत. आता त्याला शिडी उतरवत नाही. त्याला घाई आहे. तो घाई दाखवत नाही, एवढेच.

रावसाहेबांना मी तीन पत्रे धाडली. उत्तर नाही. स्वतः गेलो, तर घरी नाहीत असे त्यांनी घरातूनच सांगितले. ते हे मासिक पुस्तक वाचतात, त्यात लिहितातही. म्हणून इथे सांगतो.

रावसाहेब, खांब परत मागत नाही. ते तुम्ही सोलून ठेवले आहेत, त्यांत आता गावाचे काही राहिलेले नाही. दोरी माझ्या वखारीत, दारातून आत आल्यावर डाव्या खुंटीवर आहे. बारा गाठी जवळजवळ दाटून आल्या आहेत, कारण खांब सारख्या उंचीचे होते. ती घ्या, निसण चढा, आणि गावासमोर स्वतःच्या हाताने जाळा. गुडघ्यांचे सांगू नका, ते मला आता ठाऊक आहेत. आखातीच्या आत या, कारण पुढच्या आखातीला धाकू नाईक असेल की नाही हे मला माहीत नाही.

आणि येणार नसाल तर याच पुस्तकात, पाटीवर लिहिले तशाच सुंदर अक्षरांत, एका ओळीचे उत्तर द्या. दोरी कोणाची?